मध्ययुगीन इंग्रजी साहित्याचे अध्यापन आणि आधुनिक माध्यमे : चॉसरच्या संदर्भात

प्रस्तावना :
ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकणारे अनेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात. जेफ्री चॉसरची (सुमारे १३४३-१४००) भाषा त्यांना दुहेरी परकी वाटते. परिणामी मूळ संहिता बाजूला राहून 'गाईड' वाचले जाते. आधुनिक माध्यमे विद्यार्थ्याला संहितेकडे नेतात की तीही नवे गाईड ठरतात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

श्राव्य माध्यम :
चॉसरच्या काळी शब्द बहुतांशी लिहिल्याप्रमाणे उच्चारले जात. आजच्या 'नाइट' म्हणजे सरदार या शब्दाचा उच्चार तेव्हा 'क्निख्त' असा काहीसा होता; 'नेम'चा उच्चार 'नाम'च्या जवळ जाई. पुढील शतकांत दीर्घ स्वर बदलले, लेखन मात्र बव्हंशी जुनेच राहिले. म्हणजेच लिहिले तसे वाचण्याची आपल्या विद्यार्थ्याची सवय, जी एरवी दोष ठरते, ती येथे उपकारक आहे. प्रथम ध्वनिमुद्रण ऐकवावे, मग तोच उतारा देवनागरीत लिहून मोठ्याने वाचून घ्यावा. सास्कॅचेवान विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२० मध्ये आलेल्या 'जनरल प्रोलॉग'च्या ॲपमध्ये संहिता व वाचन एकत्र मिळते.

दृश्य माध्यम :
पासोलिनी यांचा १९७२ चा चित्रपट निवडक कथांवरच आधारलेला आहे. बीबीसीने २००३ मध्ये सहा कथा आधुनिक काळात आणल्या. त्यांत 'वाइफ ऑफ बाथ' ही दूरचित्रवाणी मालिकेतील प्रौढ अभिनेत्री होते. मालिका परिचित असलेल्या विद्यार्थ्याला हे चटकन उमगते. तथापि मंक या मठवासीयाची शिकारीची हौस वर्णन करताना निवेदक त्याच्या मताला सहज दुजोरा देतो, त्यातील उपरोध शब्दांतच आहे. कॅमेऱ्याला तो गवसणे कठीण. म्हणून 'रूपांतरात काय गळले?' हा प्रश्न संहिता समोर ठेवूनच विचारावा.

परिचिताचा आधार :
कँटरबरीची यात्रा समजावताना वारीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मात्र भेदही दाखवावा : तेथे यात्रेकरू घोड्यांवरून जातात व भोजनाच्या बक्षिसासाठी कथा सांगतात. १२९० ची 'ज्ञानेश्वरी' या कथांहून सुमारे शतकभर जुनी आहे. तीही आज शब्दार्थांच्या साहाय्यानेच वाचावी लागते. जुन्या भाषेची अडचण ही आपल्या इंग्रजीची उणीव नव्हे, हे यातून विद्यार्थ्यास पटते.

समारोप :
माध्यम हे संहितेचे दार आहे, घर नव्हे. तासाच्या अखेरीस विद्यार्थ्याने मूळ दहा ओळी स्वतः वाचल्या, तरच माध्यमाचा उपयोग सार्थ ठरतो.