एक छप्पर, दोन चुली

इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (1953) या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या त्या अशा: एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य आणि एकमेकांशी नातं. सातारा असो की अमरावती, जुनं घर उतरवून तीन पिढ्यांसाठी नवं बांधायचं ठरलं की या यादीतलं छप्पर तेवढं आधी ठरतं. किती मजले, किती खोल्या, पुढून कसं दिसेल, यावर महिनोन्‌महिने बोलणं होतं. चुलीचा विषय कोणी काढत नाही. सासूला वाटतं, आपण बोललो तर वेगळं व्हा म्हटल्यासारखं होईल. सुनेलाही तेच वाटतं. आणि नकाशा मंजुरीला जातो.

माझं स्पष्ट मत आहे की नकाशातली पहिली रेघ चूल एक की दोन, या निर्णयानंतरच पडावी. जनगणनेत कुटुंब मोजलं जातं ते स्वयंपाकावरून. एका घरात दोन स्वयंपाक शिजत असतील तर ती दोन कुटुंबं. पण आपल्या समाजशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय की राहणं-जेवणं वेगळं झालं म्हणून कुटुंब तुटत नाही. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुव्यात हेच पाहिलं, आणि ए. एम. शहा यांनी घर आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या धरायला शिकवलं. म्हणून खाली एक मोठं स्वयंपाकघर आणि वर सहा फुटांचा ओटा, सिंक, गॅस, छोटा फ्रिज, एवढी सोय मी कुटुंबाला सुचवते. सकाळचा पहिला चहा, बाळाचा मऊ भात, रात्री उशिरा आलेल्याचं जेवण यासाठी कोणाची झोपमोड होत नाही. आजीच्या ओट्यावर अंडं-मटण चालत नसेल, तर वरच्या ओट्यामुळे तिचा सोवळेपणाही राहतो आणि नातवाचं जेवणही. रोजच्या लहान कुरबुरी बाहेर गेल्या की रात्रीचं जेवण सगळे मिळून आनंदाने जेवतात.

खालच्या स्वयंपाकघरात साधारण तेहतीस-चौतीस इंचांचा ओटा असतो. सत्तरीतल्या बाईला त्यापुढे तासभर उभं राहणं जड जातं. खिडकीशी सोळा इंच उंचीची बैठक आणि तिच्यासमोर गुडघे आत जातील असा फळीचा भाग ठेवला, की भाजी निवडणं, शेंगा सोलणं, डाळ-तांदूळ पाखडणं बसून होतं. तिथून गॅसपाशी उभ्या असलेल्या माणसाशी बोलता येतं, आणि आजीचा स्वयंपाकघरावरचा हक्क सुटत नाही.

वाड्यांविषयी आपण हळवे होतो, पण वाड्याने नवराबायकोला एकांत फारसा दिला नाही आणि बायकांच्या वाट्याला बरेचदा अंधारं माजघर आलं, हे विसरू नये. वाड्याकडून घ्यायची ती त्याची पायरीपायरीची रचना. देवडी, ओसरी, चौक, माजघर, परस. वाईजवळ मेणवलीत कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, तिथे एका चौकातून दुसऱ्यात जाताना ती नीट कळते. परका कुठे थांबेल, ओळखीचा कुठवर येईल, हे भिंतीच ठरवतात. आजच्या बंगल्यात दार उघडलं की थेट हॉल, आणि नातवाचे मित्र आले की आजोबांना टीव्हीसमोरून उठावं लागतं. आठ फूट खोल, छप्पर असलेली ओसरी रस्त्याच्या बाजूला काढली तर आजोबांना पेपर वाचायला, आल्यागेल्याशी बोलायला स्वतःची जागा मिळते. वरच्या मजल्याचा जिनाही हॉलच्या मधून न नेता या ओसरीतूनच न्यावा. वरच्यांना स्वतःचं दार मिळतं, रात्रीच्या येण्याजाण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि पुढे मुलं परगावी गेली तर तो मजला भाड्यानेही देता येतो.

पैसे कुठे वाचवायचे हे ज्याने त्याने ठरवावं, फक्त वडीलधाऱ्यांच्या न्हाणीघरात वाचवू नयेत. ते तळमजल्यावर, त्यांच्या खोलीला लागून हवं. न्हाणीघराखालचा स्लॅब बांधतानाच पुरेसा खाली घेतला, तर फरशी खोलीच्या पातळीत येते आणि उंबऱ्याची गरज उरत नाही. पाण्याला उतार द्यायचा तो मोरीच्या कोपऱ्याकडे. दार बाहेर उघडणारं असावं, कारण आत माणूस दाराशीच पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. आपल्याकडे सर्रास अडीच फुटी दार बसवतात, त्यातून व्हीलचेअर जात नाही. तिला आत वळायला पाच फुटांचा मोकळा घेर लागतो. कमोडजवळच्या आधाराच्या दांडीचा विचार टाइल लागण्याआधी करावा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे स्क्रू नीट धरत नाहीत, म्हणून दांडी येणार तिथे गवंड्याकडून काँक्रीटचा पट्टा घालून घ्यावा.

व्हीलचेअर घरात येण्यासाठीच्या उताराचं गणितही आधीच मांडावं. उंची एक तर लांबी बारा, हे प्रमाण. दीड फूट जोत्याला अठरा फूट उतार लागतो, दोन फुटांना चोवीस. लहान प्लॉटवर ही लांबी मोटार ठेवायच्या बाजूने काढता येते, पण पाया आखण्याआधी ठरवलं तरच. लिफ्टचंही असंच. आज नको असेल तर दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक, साधारण पाच बाय पाचची कोठीची खोली ठेवावी आणि तिथल्या स्लॅबभोवती तुळया घेऊन ठेवाव्यात. पुढे तेवढाच भाग कापता येतो.

आवाजाबद्दल थोडंसंच. पहाटे पाचला उठणारे आणि रात्री एकला झोपणारे एकाच घरात राहणार आहेत. दोघांच्या मधली भिंत नऊ इंची असावी, आणि आजीआजोबांच्या डोक्यावर मुलांची खेळायची खोली येऊ नये.

कागदांचं काम मात्र अनेक घरांत राहून जातं. जागा वडिलांच्या नावावर, कर्ज मुलाच्या, आणि लग्न झालेली बहीण चर्चेतच नाही. जागा वडिलोपार्जित असेल तर 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हा तिला विचारून, तिचा वाटा ठरवूनच पाया खणावा. आईवडील जागा मुलाच्या नावे करत असतील, तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहून घ्यावी. ती अट असेल आणि मुलाने सांभाळलं नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. कोणता मजला कोणाचा, कर्जाचा हप्ता कोण भरणार, एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याने घातलेले पैसे कसे परत करायचे, एवढं वकिलाकडून लिहून घ्यावं आणि बहिणीसकट सगळ्यांच्या सह्या घेऊनच ठेकेदाराला पहिला हप्ता द्यावा.