जागतिक ठराव आणि उधन्याची गल्ली

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग आता शालेय पुस्तकांतही आढळतो. आजची गरज भागविताना पुढील पिढ्यांच्या वाट्याचे हिरावून घेऊ नये, हा त्याचा सरळ अर्थ. १९९२ साली रिओ दि जानेरो येथे भरलेल्या वसुंधरा परिषदेत ‘अजेंडा २१’ हा कार्यक्रम संमत झाला. बहुतेक स्थानिक स्वराज्य संस्थांनी १९९६ पर्यंत रहिवाशांशी विचारविनिमय करून आपापला कार्यक्रम आखावा, अशी अपेक्षा त्याच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात नोंदविली आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या सतरा उद्दिष्टांपैकी अकरावे शहरांविषयीचे असून त्यातही नियोजनातील लोकसहभागावर भर आहे. हा आग्रह पुनःपुन्हा धरला जातो, याचे कारण उघड आहे. गटार कोठे तुंबते, नळाला पाणी केव्हा येते, हे त्या गल्लीत राहणाऱ्यालाच प्रथम कळते.

या विचाराची कसोटी पाहण्यास सुरतेइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून विभागप्रमुखांना अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांना रोज वस्त्यांत फिरावयास लावले. १९९६ साली ‘इन्टॅक’ने केलेल्या पाहणीत सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. ही घडी पुढेही बरीचशी टिकली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह प्रथम क्रमांक मिळविला.

प्रशासनाचे हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि, आदेशाने रस्ता झाडला जातो. कोणत्या वस्तीची गरज आधी भागवावी, हे मात्र केवळ आदेशाने ठरत नाही. येथेच नागरी समाजाचे कार्य सुरू होते. शासन आणि बाजारपेठ यांच्या बाहेर राहून सार्वजनिक हितासाठी स्वेच्छेने एकत्र येणाऱ्या मंडळांना, संघांना आणि संस्थांना ही संज्ञा लावतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग बुडाला. त्यानंतर पूर्वसूचनेची व्यवस्था सुधारण्याच्या कामात महापालिकेबरोबर दक्षिण गुजरातमधील व्यापारी-उद्योजकांची संस्था आणि येथील राष्ट्रीय तंत्रविज्ञान संस्था सहभागी झाली. हे स्वागतार्हच होते. परंतु भाड्याच्या खोलीत राहून यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार अशा बैठकांपर्यंत सहसा पोहोचत नाही.

उधन्याच्या दृष्टीने हाच कळीचा प्रश्न आहे. तापी खोऱ्यातून जळगावकडे जाणारा लोहमार्ग उधन्यालाच मुख्य मार्गापासून वेगळा होतो. त्याच वाटेने नंदुरबार, धुळे आणि जळगावकडील कुटुंबे येथे आली व स्थिरावली. दोन-तीन पिढ्या येथे गेल्या, तरी ‘आपले गाव तिकडे’ ही भावना पुष्कळांच्या मनात कायम आहे. ती समजण्याजोगी आहे; पण तिची किंमत मोठी आहे. जो स्वतःला पाहुणा मानतो, तो हक्काने मागणी करीत नाही. आणि मागणी न करणाऱ्याची गरज नियोजनाच्या कागदावर उमटत नाही.

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. २०११ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या ४४ लाखांहून अधिक होती. एवढ्या मोठ्या शहरात तरतुदीचे चीज व्हावयाचे, तर तिच्यामागे जागरूक रहिवासी हवेत.

या बाबतीत मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एक विशेष सोय आहे. घरची अहिराणी त्यांना कळते, मराठी वाचता येते आणि महापालिकेच्या कारभाराची गुजरातीही त्यांना परकी नाही. मतदारयादीत नावे नोंदविणे, गल्लीच्या अडचणी तारखेसह टिपून ठेवणे, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी गुजरातीत अर्ज देणे आणि त्याचा पाठपुरावा करणे, ही कामे त्यांना सहज जमतील. कामे लहान आहेत. पण रिओच्या ठरावाला अभिप्रेत असलेला विचारविनिमय याहून निराळा नाही. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमतो, त्यांनी दिलेल्या अक्षराचा उपयोग आपल्या गल्लीसाठी व्हावा, हे उचित होईल.