वरातीचा घोडा आणि भाड्याचा रोबो

वरातीसाठी घोडा कोणी विकत घेत नाही. दोन तासांचं काम, त्यासाठी वर्षभर चंदी-वैरण कोण घालणार? घोडेवाला येतो, नवरदेवाला मिरवतो, पैसे घेऊन जातो. घोडा बिथरला तर आवरायचा त्यानेच. आता हाच व्यवहार दोन पायांवर चालणाऱ्या यंत्रमानवाच्या, म्हणजे ह्युमनॉइड रोबोच्या बाबतीत सुरू झाला आहे. विकत घ्यायचा नाही, भाड्याने आणायचा! हे नेमकं काय आहे, कुणाला परवडतं आणि सातारा-सांगलीच्या आपल्या मुलामुलींनी त्याकडे कसं पाहावं, हे समजून घेण्यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्याला हे नवं नाही

आपल्या भागात जेसीबी तासावर येतो, मळणी यंत्र पोत्यावर चालतं, ऊसतोडणी यंत्र टनावर. कराडपासून वाळव्यापर्यंत ऊसच ऊस, पण दोन एकरवाला शेतकरी तोडणी यंत्र घेईल का? यंत्राची किंमत कोटीच्या घरात. २०२३ मध्ये राज्य शासनाने या यंत्रासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातलं जे कमी असेल तेवढं अनुदान जाहीर केलं, तरी उरलेला आकडा डोळे पांढरे करणाराच. शिवाय हंगाम चार-पाच महिन्यांचा. म्हणून यंत्र घेतो एखादा ठेकेदार, आणि ते या गावातून त्या गावात फिरतं.

आता तर उडणारा रोबोही भाड्याने मिळतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे आणि त्यांनी ते फवारणीसाठी शेतकऱ्यांना भाड्याने द्यायचे, अशी ही योजना. ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. थोडक्यात काय, तर रोबो भाड्याने देणं ही कल्पना आपल्या शेताच्या बांधापर्यंत आलेली आहे. फक्त या रोबोला पाय नाहीत, पंख आहेत!

उद्योगांतही हा मार्ग जुनाच. आपण कॉलेजच्या गेटसमोर जे 'झेरॉक्स' काढतो, त्या यंत्राचा प्रसारही भाड्यामुळेच झाला. १९५९ साली 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र आलं तेव्हा ते इतकं महाग होतं की कुणी घेतलंच नसतं. कंपनीने ते महिना ९५ डॉलरने भाड्याने दिलं. पहिल्या २,००० प्रती त्यातच, पुढे प्रतीमागे काही सेंट. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने विमानाच्या इंजिनांची देखभाल उड्डाणाच्या तासावर आकारायला सुरुवात केली. आणि १९८० मध्ये जपानच्या रोबो उत्पादकांनी विमा कंपन्यांना सोबत घेऊन 'जारोल' नावाची रोबो भाडेपट्ट्याने देणारी कंपनी काढली. कशासाठी? तर छोट्या कारखानदारांना एकरकमी पैसे न घालता रोबो वापरता यावा म्हणून.

आज रोबो कुठे भाड्यावर आहेत?

जून २०२४ मध्ये अमेरिकेत जीएक्सओ या गोदाम चालवणाऱ्या कंपनीने अजिलिटी रोबोटिक्सच्या 'डिजिट' या रोबोसाठी अनेक वर्षांचा सेवा करार केला. जागा जॉर्जिया राज्यातलं फ्लॉवरी ब्रँच, काम कपड्यांच्या गोदामातलं. पावणेसहा फूट उंचीचा हा डिजिट १६ किलोपर्यंत वजन उचलतो. त्याचं काम ऐकून तुमची निराशा होईल. चाकांच्या गाडीवरून प्लॅस्टिकचे क्रेट उचलायचे आणि कन्व्हेयरवर ठेवायचे, बस्स! पण हेच काम दिवसभर करणाऱ्या माणसाची कंबर काय म्हणते, ते हमालालाच विचारावं.

दुसरा बाजार चीनमधला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या नववर्षाच्या दूरदर्शन कार्यक्रमात युनिट्री कंपनीच्या 'एच१' रोबोंनी हातरुमाल फिरवत नाच केला आणि मागणी एकदम वाढली. दुकानांची उद्घाटनं, प्रदर्शनं, कंपन्यांचे कार्यक्रम, सगळ्यांना रोबो हवा. दिवसाचं भाडं हजारो युआन झालं. पुढे रोबो वाढले तसे दर उतरले. हा मात्र खरोखरच वरातीचा घोडा! बघ्यांची गर्दी जमवतो, उत्पादनात भर घालत नाही.

हे दोन बाजार वेगळे ओळखावेत. एकात कामाचे पैसे, दुसऱ्यात नवलाईचे. आणि नवलाई नऊ दिवसांचीच असते.

थोडं गणित करू

समजा, एका रोबोची किंमत १५ लाख रुपये आणि आयुष्य ३ वर्षे. (आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) म्हणजे वर्षाचा घसारा ५ लाख. सरासरी साडेसात लाख रुपये अडकले, त्यावर १२ टक्क्यांनी व्याज ९० हजार. देखभाल किमतीच्या १० टक्के, म्हणजे दीड लाख. वर्षाचा एकूण खर्च ७ लाख ४० हजार. भाडं दिवसाला ४,००० रुपये धरलं, तर भागाकार येतो १८५. म्हणजे वर्षात १८५ दिवसांपेक्षा जास्त काम असेल तर विकत घ्या, कमी असेल तर भाड्याने आणा. सोपं आहे ना?

इतकं सोपं नाही! समजा दोन वर्षांतच दुप्पट चांगलं आणि निम्म्या किमतीचं मॉडेल आलं, तर? आयुष्य ३ ऐवजी २ वर्षे धरा. घसारा साडेसात लाख, एकूण खर्च ९ लाख ९० हजार, आणि १८५ चे होतात सुमारे २४८ दिवस. ही भीती काल्पनिक नाही. युनिट्रीने मे २०२४ मध्ये 'जी१' रोबो ९९,००० युआनला आणला आणि जुलै २०२५ मध्ये 'आर१' हा त्याहून छोटा रोबो ३९,९०० युआनला. तंत्रज्ञान असं धावत असताना विकत घेणारा माणूस जुनं मॉडेल गळ्यात घालून बसतो.

आता भाड्याने देणाऱ्याच्या बाजूने पाहा. वर्षाचे १८५ दिवस त्यालाही भरावेच लागतात. आज कुपवाडच्या गोदामात, उद्या कोल्हापूरच्या प्रदर्शनात असं फिरवून तो ते भरतो, अगदी तोडणी यंत्रासारखं. पण सगळ्या गिऱ्हाइकांना तो दिवाळीच्या त्याच आठ दिवसांत हवा असेल तर? मग भाडं कडाडतं आणि उरलेलं वर्ष रोबो शेडमध्ये पडून राहतो.

म्हणजे मुद्दा असा, की भाडं हे यंत्राचं नसतंच, ते जोखमीचं असतं. यंत्र रिकामं बसण्याची, बिघडण्याची आणि जुनं होण्याची, अशा तीन जोखमी. त्या आपल्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याचे आपण पैसे मोजतो.

करार वाचा, मग सही करा

वरील तीन जोखमी खरंच समोरच्याकडे गेल्या की नाही, हे कागदावरच कळतं. रोबो बंद पडलेल्या दिवसाचं भाडं कोण देणार? दुरुस्तीला माणूस किती तासांत येणार? कॅमेऱ्यात टिपलेलं आपल्या शॉपचं चित्रण कुणाच्या मालकीचं? धडकून कुणाला लागलं तर भरपाई कुणी करायची? यांची उत्तरं करारात नसतील, तर तो भाडेकरार नव्हे, हप्त्यांवरची खरेदीच समजा.

सुरक्षिततेचा प्रश्न तर आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी जरूर अभ्यासावा. कारखान्यातल्या नेहमीच्या रोबोटिक आर्मचा इमर्जन्सी स्टॉप दाबला की वीज तुटते, ब्रेक लागतात आणि हात जागच्या जागी थांबतो. पण दोन पायांचा रोबो उभा राहतो तोच मुळी मोटारींनी सतत तोल सावरल्यामुळे. वीज तोडली की तो धाडकन खाली येणार! म्हणून डिजिटसारख्या रोबोला माणसांपासून वेगळ्या आखलेल्या जागेत काम दिलं गेलं. आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये, जिथे दोन लेथच्या मधून माणसालाच अंग चोरून जावं लागतं, तिथे अशी वेगळी जागा कुठून काढणार?

माणसाचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. सातारा, कुपवाड, मिरज इथल्या एमआयडीसींत अनेक हेल्पर कंत्राटदारामार्फत हजेरीवर काम करतात. उद्या रोबोचं भाडं आणि हेल्परची हजेरी मालकाच्या वहीत शेजारी शेजारी लिहिली जाईल. ज्याचं दिवसभराचं काम फक्त उचल-ठेव, त्याच्यावर पहिली कुऱ्हाड पडू शकते. बीड जिल्ह्यातून आपल्याकडे येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांपुढे यंत्राने हाच प्रश्न उभा केला आहे. काम अमानुष कष्टाचं, ते यंत्राने करावं हेही खरं. आणि त्या कामावरच चूल पेटते हेही तितकंच खरं.

मात्र हेल्पर नुसती उचल-ठेव करत नाही. तो बर झाडतो, कूलंट गळतंय हे ओळखतो, मशीनचा आवाज बदलला की ऑपरेटरला हाक मारतो. हे शहाणपण अजून भाड्याने मिळत नाही. अशा माणसाला रोबो चालवायचं आणि त्याची निगा राखायचं शिक्षण देणं मालकाच्याही हिताचं आहे.

शेवटी आपल्याबद्दल. जेसीबीचा भाड्याचा धंदा आपल्याकडे टिकला तो केवळ यंत्र चांगलं म्हणून नव्हे. होज फुटला तर तालुक्याच्या गावी तो बदलून मिळतो म्हणून. रोबोचंही तसंच होणार. सुटा भाग शेनझेनहून यायची वाट पाहावी लागली, तर साताऱ्यातला कारखानदार तो फुकटही घेणार नाही. गिअरबॉक्स उघडणारा, बॅटरी तपासणारा, प्रोग्राम बदलून देणारा माणूस तासाभराच्या अंतरावर असला पाहिजे. तो माणूस आपल्या हॉस्टेलमधून का तयार होऊ नये? रोबो बनवण्याला करोडो रुपये लागतील; रोबो चालता ठेवण्याला ज्ञान लागतं, आणि तेल-ग्रीसने हात काळे करायची तयारी. लॅबमध्ये धूळ खात पडलेल्या सर्व्हो मोटारीपासून सुरुवात करा. घोडा कुणाचाही असो, नाल ठोकणाऱ्याला काम मिळतंच!