डोळ्यांखालची पिशवी: पाणी की चरबी?

चादरी-टॉवेलच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्या माणसाचे डोळे सुजलेले दिसले की सोलापुरात घरच्यांचं निदान तयारच असतं: जागरण! झोप काढ, काकडीचे काप ठेव, उतरेल. कधी उतरतंही. पण डोळ्यांखालचा प्रत्येक फुगवटा जागरणाचा नसतो.

पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. आडवं झोपल्यावर अंगातलं पाणी तिथे सहज साचतं आणि उठून वावरू लागलं की खाली उतरतं. म्हणून सकाळी दिसलेला फुगवटा दुपारपर्यंत ओसरला तर ते पाणी. दिवसभर जसाच्या तसा राहिला तर बहुधा चरबी. डोळ्याच्या खोबणीत बुबुळाच्या आधाराला चरबीची गादी असते. तिला धरून ठेवणारा पडदा वयाबरोबर सैल पडतो आणि ती पुढे येते. काहींच्या घराण्यातच असतं. त्यांना पंचविशीत पिशव्या दिसतात. ही चरबी कुठल्याही क्रीमने विरघळत नाही. नकोच असेल तर शस्त्रक्रिया आहे, पण त्रास नसेल तर तसंच राहू दिलं म्हणून काही बिघडत नाही.

‘पाणी कमी प्यायलं की सूज उतरते’ हा समज तर सोलापूरच्या उन्हाळ्यात महागात पडेल. पारा चाळिशी ओलांडत असताना धडधाकट माणसाने पाणी तोडू नये. (मूत्रपिंड किंवा हृदयाच्या रुग्णाला डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल, तर ते पाळावं.) पाणी अडवून ठेवतं ते मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही नाही. आता आपलं ताट बघा. ज्वारीची भाकरी निरपराध. शेंगाचटणी, लोणचं, पापड, तळलेली मिरची यांनी हिशेब केव्हाच ओलांडलेला. पापडखारातही सोडियमच असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शेंगाचटणी सोडा असं सोलापुरात सांगण्याची माझी हिंमत नाही. रात्रीच्या जेवणात हात आखडता घ्या, एवढंच.

काकडीत जादू नाही, गारवा आहे. गार पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं ठेवला तरी तेवढाच उपयोग, आणि काकडी कोशिंबिरीला राहते. लिंबू, टूथपेस्ट मात्र डोळ्यांजवळ नकोच.

त्याहून घातक म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब किंवा ड्रॉप. स्टिरॉईड असलं की सूज आणि खाज चटकन थांबते, म्हणून माणूस ते लावतच राहतो. महिनोन्‌महिने वापरल्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. धूळ, रुईचे तंतू, तंबाखूची पूड यांनी डोळे चुरचुरतात, आपण चोळतो आणि चोळल्याने पापण्या आणखी सुजतात. तिथे आधी चोळणं थांबवून स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. काळी मेहंदी किंवा हेअर डाय लावल्यावर एक-दोन दिवसांत पापण्या फुगल्या तर संशय रंगावर घ्या. तो पुन्हा लावू नका.

सगळ्यात जास्त चुकतं ते लहान मुलांच्या बाबतीत. तीन-चार वर्षांच्या पोराचे डोळे रोज सकाळी सुजतात, संध्याकाळी पाय जड दिसतात, लघवीला फेस येतो आणि घरचे म्हणतात ‘ॲलर्जी असेल’ किंवा ‘बाळसं धरलंय’. हा नेफ्रोटिक सिंड्रोम असू शकतो: मूत्रपिंडातून प्रथिनं लघवीवाटे निघून जातात आणि अंगात पाणी साचतं. लघवीची साधी तपासणी सिव्हिलमध्येही होते, आणि वेळेत औषध सुरू झालं तर बहुतेक मुलं त्याला चांगला प्रतिसाद देतात. मोठ्यांमध्ये सुजेबरोबर थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं असेल तर थायरॉईड तपासा.

आणि एकाच डोळ्याला लाल, दुखरी सूज, ताप, बुबुळ हलवताना कळ किंवा दोन-दोन दिसणं असेल तर तो संसर्ग खोबणीत शिरलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.