वाळवंटातलं गोल्फ : दुबईत चांगलं मैदान कोणतं?

आपल्या रेडिओ केंद्रावर एका मावशींचा निरोप आला होता. त्यांचा मुलगा दुबईला गोल्फच्या मैदानावर गवताच्या कामाला आहे. तो फोनवर सांगतो, इथे लोक मैदान निवडून निवडून खेळतात, पैसेही बक्कळ मोजतात. आता एका ओळखीच्या माणसाने त्याला दुसऱ्या मैदानावर चल म्हटलंय. मावशींचं म्हणणं, गवत ते गवत, त्यात चांगलं-वाईट काय असतं? आणि जिथे पाऊसच नाही तिथे गवत येतं कुठून? गटाच्या बैठकीत हा निरोप ऐकून बाया हसल्या. पण आपल्या तालुक्यातून आखाती देशात गेलेली पोरं काही थोडी नाहीत. म्हणून आज याच प्रश्नावर बोलू.

आधी खेळ समजून घ्या. काठीने छोटा चेंडू मारत मारत लांबच्या एका भोकात घालायचा. भोक फक्त सव्वाचार इंच रुंद. अशी १८ भोकं. क्रिकेटमध्ये ज्याच्या धावा जास्त तो जिंकतो, इथे ज्याचे फटके कमी तो जिंकतो. एक डाव संपायला चार-साडेचार तास लागतात आणि पायी खेळलं तर सहा-सात किलोमीटर चाल होते. जिथून पहिला फटका मारतात ती जागा म्हणजे टी. मधला लांब हिरवा पट्टा म्हणजे फेअरवे. भोकाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत म्हणजे ग्रीन. ते ३-४ मिलिमीटरच ठेवतात, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं. वाटेत मुद्दाम केलेले वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. या सगळ्याला शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. आपल्या गटातल्या सगळ्या जणींची शेती एकत्र केली तरी एवढी भरेल का, मोजून बघा.

दुबईत वर्षाला पाऊस पडतो शंभर मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशात दुष्काळ दुष्काळ म्हणतो, तिथेही याच्या कितीतरी पट पडतो. म्हणून तिथले लोक पूर्वी वाळूवरच गोल्फ खेळायचे. तेल मिसळून वाळू दाबून घट्ट करायची, ते झालं ग्रीन. खेळणारा प्लास्टिकच्या गवताचा तुकडा बरोबर घेऊन फिरायचा आणि त्यावर चेंडू ठेवून मारायचा. मग १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबचं मजलिस नावाचं मैदान सुरू झालं. पूर्ण गवताचं, मोठ्या स्पर्धेच्या मापाचं असं आखाती प्रदेशातलं ते पहिलं मैदान. पुढच्याच वर्षापासून तिथे डेझर्ट क्लासिक ही मोठी स्पर्धा होऊ लागली. १९९३ मध्ये खाडीच्या काठी दुबई क्रीक क्लब झाला. त्याच्या इमारतीला गलबताच्या शिडांचा आकार आहे आणि ती इमारत तिथल्या २० दिरहमच्या नोटेवर छापली गेली आहे. कुणाच्या घरी जुनी नोट असेल तर काढून बघा.

आता गवताची गंमत. ज्याला ते बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हरळी! जिला निंदून निंदून कंबर मोडते आणि जिच्या कोवळ्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो तीच. मैदानावर तिच्या सुधारित, बारीक पानाच्या जाती असतात. ऊन सोसते, कापली तरी मरत नाही, आडवी पसरत जाते. आपण ज्या गुणांमुळे तिला शिव्या देतो, त्याच गुणांचे तिथे पैसे मिळतात. दुसरं गवत पास्पालम. ते समुद्रकाठचं असतं, म्हणून थोडं खारट पाणीही चालतं.

पाण्याचा हिशेब आपणच करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हात गवताला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, आणि गवताखाली १०० एकर धरले, तर रोजचे झाले सुमारे २० लाख लिटर. दहा हजार लिटरचे २०० टँकर, रोज! गावाला आठवड्यातून एकदा टँकर येतो तेव्हा काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तिथे पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून करतात, ते महाग पडतं. म्हणून शहरातलं सांडपाणी आणि मैलापाणी शुद्ध करून ते बागांना आणि बऱ्याच मैदानांना देतात. एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरणं मला पटतं. तरीही एवढं पाणी खेळाला, हा विचार मनातून जात नाही. काही मैदानं त्यावर उपाय म्हणून गवत कमीच ठेवतात. एर्नी एल्स या खेळाडूने आखलेल्या एल्स क्लबमध्ये हिरव्या पट्ट्यांच्या कडेला मूळची वाळू आणि वाळवंटी झुडपं तशीच ठेवली आहेत. माझ्या मते वाळवंटातलं मैदान असंच दिसावं.

मग खेळणारा निवडतो कसं? सगळ्यात आधी महिना बघतो. नोव्हेंबर ते मार्च हवा छान, म्हणून भावही चढे. उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा तेच मैदान बऱ्याच कमी पैशात मिळतं. मग लोक पहाटे खेळतात किंवा रात्री. एमिरेट्स क्लबचं फाल्डो नावाचं दुसरं मैदान दिव्यांच्या उजेडात रात्री चालतं. दुसरी गोष्ट, आपल्याला कितपत खेळता येतं. जिथे मोठ्या स्पर्धा होतात ती मैदानं अवघड असतात. जुमेरा गोल्फ इस्टेट्सचं अर्थ मैदान तसंच, २००९ पासून वर्षाची शेवटची मोठी स्पर्धा तिथे होते. नवशिक्याने नाव ऐकून तिथे जायचं आणि चेंडू शोधत फिरायचं, यात पैसेही जातात आणि मजाही. नवशिक्यांसाठी पुढच्या टी असतात, तिथून अंतर कमी पडतं. कुणाला नवल बघायचं असतं. माँटगोमेरी क्लबमध्ये एका भोकाचं ग्रीन त्या देशाच्या नकाशाच्या आकाराचं आहे.

पण जाणकार माणूस या सगळ्याआधी एक फोन करतो आणि विचारतो, ग्रीन कसं आहे? वर्षातून काही वेळा ग्रीनला बारीक भोकं पाडून, वर वाळू पसरून माती मोकळी करतात. आपण कोळपणी करतो, हेतू तोच. त्या दिवसांत चेंडू सरळ जात नाही. काही ठिकाणी थंडी सुरू होताना हरळीवर राय गवताचं बी टाकतात, तेव्हा मैदान काही दिवस बंदही असतं. म्हणजे मावशी, मैदान चांगलं की वाईट हे शेवटी गवत राखणाऱ्या पोरांच्या हातात असतं. पहाटे अंधारात मशीन घेऊन ग्रीन कापणारा नसेल, तर नकाशाचं ग्रीन आणि शिडांची इमारत काय कामाची?

हा खेळ फक्त पुरुषांचा नाही. २००६ मध्ये मजलिस मैदानावर बायकांची मोठी स्पर्धा सुरू झाली. आपल्या बंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकलं. तेव्हा तिच्या काठ्यांची बॅग घेऊन मैदानभर तिच्याबरोबर तिची आई चालत होती.

आता मुलाने कुठलं मैदान निवडावं ते. खेळणारा ग्रीन विचारतो, आपण दुसरं विचारायचं. तिथल्या सरकारचा नियम आहे : १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्या उन्हात काम करून घ्यायचं नाही. नव्या ठिकाणी हा नियम पाळतात का, सावलीत बसायला जागा आणि थंड पाणी मिळतं का, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्याला विचारायला सांगा, बोलावणाऱ्याला नाही. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही, तो मुलाकडेच हवा. पगार किती, राहण्या-जेवणाचं कोण बघणार, हे करारात लिहिलेलं असावं आणि सही करण्याआधी त्याचा फोटो घरी यावा. आणि इथून नव्याने कुणी जाणार असेल, तर एजंटचं नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का ते आधी बघा. गटातल्या शिकलेल्या मुलीला मोबाइलवर पाच मिनिटांत दिसेल. नाव नसेल तर गटातून त्या कामासाठी कर्ज उचलू नका, मी तरी त्या अर्जावर सही करणार नाही.