अष्टमीची रजा

विरार लोकलने भाईंदर सोडलं की गाडी पुलावर चढते आणि दारातल्या पब्लिकचे दोन गट पडतात. एक गट मोबाइलमधून मान वर करत नाही. दुसरा गट पिशवीतून निर्माल्य काढतो आणि हात जोडून खाडीत भिरकावतो. पहिला पूल संपून दुसरा सुरू होईपर्यंत गाडी थोडा वेळ चक्क जमिनीवरून धावते, हे दोन्ही गटांच्या गावी नसतं. ती जमीन म्हणजे पाणजू बेट. माझं आजोळ.

(आणि ते निर्माल्य कधीकधी पुलाच्या कडेने चालणाऱ्या माणसांना लागतं बरं का. नारळासकट. तेव्हा प्लीज.)

ऑफिसमध्ये ‘माझा मामा बेटावर राहतो’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘वॉव, रिसॉर्ट आहे का?’ नाही बॉस. तिथे भातशेती आहे, मिठागरं आहेत, खाडीतली मासेमारी आहे. गावावरून रेल्वे जाते पण थांबत नाही. नायगावला उतरायचं, धक्क्यावर यायचं आणि बोटीत बसायचं. डोक्यावरून विरार फास्ट धडधडत असते आणि आपण खाली मासळीच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी बसून पलीकडे चाललेलो असतो. बोरिवलीहून फार तर दीड तास. एवढ्या वेळात लोक बीकेसीला पोचतात.

लहानपणी मे महिना म्हणजे पाणजू हे समीकरण होतं. मग कॉलेज, नोकरी, शिफ्ट... मामाकडे जाणं गणपती आणि लग्नापुरतं उरलं. २०२५ च्या मे महिन्यात मामाचा फोन आला. मामा फोनवर कधीच मुद्द्यावर येत नाही. त्याने आधी आईची तब्येत विचारली, मग माझा पगार, आणि शेवटी म्हणाला, ‘पोरी, अष्टमीला मोकली हाईस का? बांधाला मानूस नाय.’

हे अष्टमीचं प्रकरण जरा समजून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला उधाण असतं, पाणी वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला मात्र भरती मवाळ असते, तिला भांगाची भरती म्हणतात. खाडीच्या अंगाचं बांधाचं काम त्या दोन-चार दिवसांतच उरकायचं. वेळ काढायचा फंडाही सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी म्हणजे आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहाच्या आसपास भरती, बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. मामाला ही वेळ बघायला कुठलं ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. प्रॉब्लेम एवढाच की बांधाचा तळ उघडा पडतो तो मे महिन्याच्या भर दुपारी.

२० मे, मंगळवार, वैशाख वद्य अष्टमी. मी लीव्ह ॲप्लिकेशनमध्ये ‘फॅमिली फंक्शन’ असं लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर मॅनेजरने मला काउन्सेलरकडे पाठवलं असतं.

पहाटे साडेपाचला मामीने उठवलं. तांदळाची भाकरी, सुकट, कैरी. शेतावर पोचलो तर जमीन भेगाळलेली आणि वर पांढरट थर. खारी जमीन ती. पावसाळ्यात गोडं पाणी मीठ खाली ढकलतं, तेवढ्यात भाताचं एक पीक निघतं. उन्हाळ्यात ओल उडून जाते आणि तेच मीठ पुन्हा वर येतं. म्हणजे खारी शेती हा मीठ आणि पाऊस यांच्यातला दरवर्षीचा सामना, आणि बांध हा त्यातला गोलकीपर. खाडीचं पाणी एकदा आत शिरलं, खांड पडली, की जमिनीला पुन्हा गोडी यायला दोन-तीन पावसाळे जाऊ शकतात. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, तिथे खारट जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जातीही काढल्या गेल्यात. पण खाऱ्या पाण्यात बुडून राहील असं भात अजून कुणी काढलेलं नाही.

काम ऐकायला सोपं आहे. शेतातली चिकण माती फावड्याने चौकोनी कापायची, हातोहात पुढे द्यायची, बांधावर लावायची, पायाने चेपायची. शंभर ढेकळांनंतर माझ्या जिमच्या मेंबरशिपचे सगळे पैसे फुकट गेल्याचं कळलं. मग मामाने मला हलकं काम दिलं. खेकड्यांची बिळं बुजवायची. मी तासाभरात तीसेक बिळांची तोंडं छान लिंपून टाकली, ऑफिसात तिकीट क्लोज करतात तशी. मामा आला आणि काही न बोलता फावड्याने पहिलंच बीळ फोडलं. आत हातभर पोकळी. तोंड बंद केलं म्हणून बीळ बंद होत नाही. उधाणाचं पाणी दुसऱ्या बाजूने शिरतं आणि आतल्या आत माती पोखरतं. बीळ शेवटपर्यंत खणायचं आणि मग आतून भरत यायचं. तीसच्या तीस मी पुन्हा केली.

दुपारी खाडीकडच्या बाजूला उतरलो. गुडघाभर चिखल, त्यात निवट्या टुणटुण उडतायत, वर लोकल. दारातली माणसं आमच्याकडे बघत होती. त्या दारात मी रोज उभी असते, आणि पाणजूची ही बाजू मी आजवर कधीच नीट पाहिली नव्हती!

मामा अडुसष्ट वर्षांचा आहे. मामेभाऊ नायगावला फ्लॅटमध्ये राहतो, कुरिअरच्या कामावर असतो, रविवारी येतो. अष्टमी रविवारी येत नाही. पूर्वी बांधाला प्रत्येक घरातून एक माणूस यायचा, कारण बांध सगळ्यांचा एकच, आणि कुणा एकाचा तुकडा फुटला की पाणी सगळ्यांकडे. सरकारी योजनेतले बांध खारभूमी विभाग बघतो, खासगी बांध ज्याचे त्याने राखायचे. आमच्या शेजारचं कुटुंब सहा वर्षांपूर्वी वसईला गेलं. त्यांच्या तुकड्यावर कुणी माती टाकलेली नाही. मामा आणि आणखी एक म्हातारा जमेल तेवढं आपणच टाकतात.

‘मग विकून का नाही टाकत?’ मी विचारलं. शहाणपणाच वाटला मला तेव्हा तो. विचारायला माणसं येतात, मामा म्हणाला, भाईंदर-नायगाव रस्त्याच्या पुलाची चर्चा निघाली की जास्तच येतात. ‘मी इकला तं त्यो बांध घालनार हाय का? त्याला शेती नको, जागा पायजे. मंग बाकीच्यांचा काय?’

हसण्यावारी नेऊ नका. हाजी अलीकडून वरळीला आपण ज्या रस्त्याने जातो तो मुळात बांधच आहे. हॉर्नबी व्हेलार्ड, अठराव्या शतकाच्या अखेरीस भरतीचं पाणी अडवायला घातलेला. आपलं अर्धं शहर कुणीतरी घातलेल्या बांधामागे बसलंय, फक्त त्यावर माती टाकायचं काम आपल्या वाट्याला येत नाही.

संध्याकाळी ढग आले. वळीव, असं आम्ही म्हटलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पाऊस झोडपून गेलाच होता. मिठागरवाल्यांना तो चांगलाच महागात पडला. महिनोन्‌महिने वाफ्यात आटवलेलं पाणी एका सरीत पुन्हा पातळ होतं. भातवाल्यांना वाटत होतं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वेळ आहे. अमावास्येचं उधाण गेलं की पुढच्या अष्टमीला उरलेला तुकडा करू. मी परतीच्या बोटीत बसताना ‘नक्की येते’ म्हटलं.

२६ मे, सोमवार. मुंबईत मान्सून आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. नेहमीच्या तारखेपेक्षा पंधरवडाभर आधी, नोंदीतला सर्वांत लवकरचा. वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी शिरल्याचे व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर फिरत होते. दुसऱ्या दिवशी अमावास्या. म्हणजे पाऊस आणि उधाण एकत्र. मी डेस्कवर बसून तिथी गुणिले पाऊण करत होते.

मामाने फोन उचलला तो साडेतीनला.

‘तुझा तुकडा ऱ्हायला,’ तो म्हणाला. ‘बाजूच्यांचा गेला. दोन हात खांड परली. आमी दोगांनी गोनी टाकल्या.’

‘आपल्या शेतात किती आलं?’

‘कोपऱ्यात. चार-पाच गुंठं असंल.’ मागे पावसाचा आवाज येत होता. ‘पाऊस असाच लागला तं धुवून जाल. नायतर ता कोपरा यंदा सोरू.’

मग त्याने आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, ‘पुढची अष्टमी मंगलवार-बुधवारी हाय. साहेबाला आताच सांगून ठेव.’

या वेळी कारणाच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं. मॅनेजरने काउन्सेलरकडे पाठवलं नाही. त्याने एवढंच विचारलं, पाणजू नेमकं कुठे आलं? तो मीरा रोडला राहतो आणि शनिवार-रविवार विरारला सासुरवाडीला जातो.