बाळाचं डोकं तिरकं दिसतंय? उशी बदलण्याआधी हे पाहा

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या आपल्या खान्देशी घरांत बाळाचं डोकं एका बाजूने चपटं दिसलं की आजी मोहरीची उशी शिवते, मालिशवाली बाई दाबून गोल करते. ‘वाढलं की होईल नीट’ म्हणत सहा महिने जातात. काही बाळांचं खरंच नीट होतं. काहींचं होत नाही, आणि त्यांच्यासाठी हेच महिने मोलाचे असतात.

जन्मतः कवटीची हाडं एकसंध नसतात. त्यांच्यामधल्या शिवणीसारख्या सांध्यांतून मेंदूसोबत कवटी वाढते. बाळ रोज एकाच बाजूला मान करून झोपलं तर ती बाजू चपटी होते, पण सांधे मोकळे राहतात. याला ऑपरेशन लागत नाही. झोपवायचं पाठीवरच, डोक्याची बाजू बदलत राहायची, जागेपणी आपल्या देखत पोटावर खेळवायचं. मान आखडली असेल तर डॉक्टर व्यायाम शिकवतात.

मात्र साधारण दोन ते अडीच हजारांत एका बाळाचा एखादा सांधा वेळेआधीच जुळतो. यालाच क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. हे उशीने किंवा मालिशने सुटत नाही.

ओळखायचं कसं? बाळाच्या डोक्याकडे वरून पाहा. झोपण्यामुळे चपटं झालं असेल तर त्याच बाजूचा कान आणि कपाळ थोडं पुढे आलेलं दिसतं. एका बाजूचं कपाळ मागे दबलंय, तिकडची भुवई वर ओढलीय, नाकाचं मूळ तिकडे वळलंय किंवा सांध्यावर हाडाचा कंगोरा हाताला लागतो, तर लगेच दाखवा. टाळू फुगली, सारख्या उलट्या, सुस्ती असेल तर त्याच दिवशी.

तीन-चार महिन्यांच्या आत निदान झालं तर बऱ्याचदा छोट्या छेदातून, दुर्बिणीने काम होतं. पुढे काही महिने हेल्मेट घालावं लागतं. उशीर झाला तर साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात कपाळाचं हाड काढून, आकार देऊन परत बसवतात. हे मोठं ऑपरेशन, रक्तही लागू शकतं. न्यूरोसर्जन आणि प्लास्टिक सर्जन मिळून करतात.

सुरतेत मजुरा गेटची नवी सिव्हिल किंवा महापालिकेचं स्मीमेर, आधी बालरोग ओपीडीत जा. नवापूर-नंदुरबारकडच्यांनी आशाताई किंवा अंगणवाडीत सांगावं. शाळा-अंगणवाडी तपासणीचं सरकारी पथक पुढे पाठवतं. महाराष्ट्राचं आयुष्मान कार्ड गुजरातेतल्या योजनेतल्या दवाखान्यातही चालतं. भरती होण्याआधी आरोग्यमित्राला हे ऑपरेशन तिथे बसतं का, एवढं नक्की विचारा.